विंडोज होमवरून प्रो करायचंय, मदत हवी आहे

मंडळी, घरी खानापूरला विंडोज ११ होमचा पीसी आहे. बेळगावात खडेबाजारच्या दुकानातून रिमोट डेस्कटॉपनं तो उघडायचाय, पण होममध्ये ती सोय नाही, प्रोच लागतं. फाइली न पुसता सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमध्ये प्रोडक्ट की (परवान्याचा कोड) टाकून प्रो होतं, एवढं ठाऊक आहे. अडलंय ते कीपाशीच. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावी तर महाग, आणि ऑनलाइन चारपाचशेला मिळते तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही. अपग्रेड मधेच अडकलं तर? टॅलीचा डेटा, मराठी-कन्नड कीबोर्ड जसेच्या तसे राहिले का कुणाचे? बेळगाव-निपाणी भागात पक्क्या बिलासकट अस्सल की देणारं कुणी असेल तर सांगा. दुसरं रिमोट ॲप तेवढं सुचवू नका, ते नकोच आहे.