चर्चा: न्यूयॉर्कमध्ये गौरेतर (गोऱ्या नसलेल्या) एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी स्वतंत्र केंद्र हवे का?

मीनल:
मॅनहॅटनच्या वेस्ट १३व्या रस्त्यावर १९८३ साली स्थापन झालेले एलजीबीटी समुदायाचे मोठे केंद्र आहे. एड्सच्या साथीत, मार्च १९८७ मध्ये, एड्सवरील उपचारांसाठी लढणारी ‘ॲक्ट अप’ ही चळवळ तिथेच उभी राहिली. हे ऋण मान्य करूनही माझे मत असे आहे की शहराच्या क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स या वस्तीत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई एलजीबीटी व्यक्तींनी स्वतः चालवलेले वेगळे केंद्र हवे. १९९० साली याच वस्तीत हुलिओ रिवेरा या प्वेर्तोरिकन समलिंगी तरुणाचा खून झाला, त्यातून स्थानिक लोक संघटित झाले आणि १९९३ पासून तिथे क्वीन्सची प्राइड, म्हणजे एलजीबीटी अभिमानाची, मिरवणूक निघू लागली. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, ब्रुकलिनमध्ये ऑड्री लॉर्ड प्रोजेक्ट ही गौरेतर एलजीबीटी व्यक्तींची संघटना सुरू झाली. पोलिसी हिंसा आणि स्थलांतरितांचे हक्क हे प्रश्न तिने मुख्य कार्यक्रमात घेतले, कारण ते सोसणारेच तिथे निर्णय घेत होते.

अनिरुद्ध:
मीनलताई, तुमचा हेतू मला पटतो, जागा मात्र पटत नाही. जॅक्सन हाइट्समधील ७४व्या रस्त्यावरच्या भारतीय दुकानांत आपली निम्मी ओळखीची मंडळी किराणा आणि दागिने घ्यायला येतात. ज्या मुलाने घरी काहीही सांगितलेले नाही, त्याला तिथल्या दारातून आत शिरण्यापेक्षा मॅनहॅटनच्या गर्दीत मिसळणे कितीतरी सुरक्षित वाटेल. शिवाय भाडे, विमा आणि पगार यांवर दोनदा खर्च करण्यापेक्षा असलेल्या केंद्राच्या विश्वस्त मंडळात गौरेतर सदस्यांचे बहुमत मागावे. फिलाडेल्फियाने २०१७ मध्ये प्राइडच्या झेंड्यात काळा आणि तपकिरी पट्टा घातला, म्हणजे आतून बदल होऊ शकतो.

मीनल:
अनिरुद्ध, तो झेंडा आला तेव्हा त्या शहरातील समलिंगी बारमध्ये कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध निदर्शने झालेली होती. पट्टे जोडल्यावरही बारच्या दारावर कोणाला अडवायचे हे बारचे मालकच ठरवतात. ओळखले जाण्याच्या भीतीचा तुमचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि जागा निवडताना तो टाळता येणार नाही.

सुलभा:
माझा मुलगा समलिंगी आहे. त्याने सांगितल्यानंतर मला माझ्या भाषेत बोलता येईल असे कोणी हवे होते. मॅनहॅटनमधील पालकांच्या गटात सर्वांनी आपुलकीने ऐकून घेतले, पण नातेवाईक काय म्हणतील या काळजीचे वजन मला तिथे समजावून सांगता आले नाही. जवळ केंद्र असते तर मी दर आठवड्याला गेले असते.

रोहन:
सुलभाताईंचे म्हणणे मनापासून पटले, तरी ‘गौरेतर’ म्हटले की आपण सारे एक, हे मला मान्य नाही. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कमधील इंडिया डे परेड या भारतीयांच्या स्वातंत्र्यदिन मिरवणुकीच्या आयोजकांनी दक्षिण आशियाई समलिंगींच्या ‘साल्गा’ या संघटनेला सहभाग नाकारला. आयोजक आपलेच लोक होते. आपल्या घरांत कृष्णवर्णीयांविषयी जे बोलले जाते, आणि जातीविषयी जे बोलणे टाळले जाते, ते सारे नव्या केंद्रातही आपल्याबरोबर येईल. कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला भारतीय अभियंता यांच्यात पैसा आणि वेळ कोणाकडे अधिक आहे हे उघड आहे, म्हणून केंद्राची सूत्रे आपोआप त्या अभियंत्याच्या हाती जातील.

अनिरुद्ध:
रोहनने मांडलेली अडचण माझ्या बाजूचे सर्वांत बळकट कारण आहे.

मीनल:
मला ते स्वतंत्र केंद्राविरुद्धचे कारण वाटत नाही; त्यातून केंद्राची घटना, म्हणजे नियमावली, कशी लिहावी हे ठरते. कार्यकारिणीत ट्रान्स आणि कृष्णवर्णीय सदस्यांच्या जागा आधीच राखून ठेवाव्यात, आणि बैठकीला येणाऱ्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी केंद्राने द्यावी. जागा वरच्या मजल्यावर घ्यावी आणि खाली दवाखाना, शिकवणी अशी इतर कार्यालये असतील अशी इमारत पाहावी, म्हणजे जिना चढणारा कोणाकडे निघाला आहे हे रस्त्यावरून कळणार नाही. अनिरुद्ध, एवढी व्यवस्था झाली तरी तुमचा विरोध राहील का?

अनिरुद्ध:
जागेबद्दल राहणार नाही. पैशाबद्दल राहील, कारण अनुदान एका वर्षाचे आणि भाडेकरार पाच वर्षांचा असेल, तर ज्यांना आपण बोलावले त्यांच्यावरच दार बंद होण्याची वेळ येईल.