चेंबूर: रात्रीचा केमिकलचा वास, नवं कपाट, कोणता प्युरिफायर घ्यावा?

खाडीवारा
चेंबूरला राहतो. माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूने वारा फिरला की रात्री पेट्रोलसारखा उग्र वास घरात भरतो. त्यात बेडरूममध्ये प्लायवूडचं नवं कपाट केलंय, दार उघडलं की डोळे चुरचुरतात. खोली १२० चौरस फूट, उंची १० फूट. दुकानदार म्हणतो, 'एच-१३ हेपा आहे, सगळं खेचतो.' बजेट २० हजार. नेमकं काय बघून घ्यावं?

दाणेदार
हेपा धूळ-धूर अडवतो. पेट्रोलसारख्या वासातले बेंझीन, टोल्युइन हे वायू त्यातून आरपार जातात. त्यांना लागतो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, आणि दुकानात विचारायचं ते एवढंच: कार्बन किती ग्रॅम? बहुतेक मशीनमध्ये जाळीवर काळी पावडर फासलेली असते. फोडणीचा वास थोडे दिवस कमी होतो, मग संपलं. तुमच्या वासाला किमान दोन किलो दाणेदार कार्बन हवा. फिल्टर हातात घेऊन हलवा. दाणे खुळखुळले तर भरण सैल आहे. हवा वरच्या पोकळीतून निसटणार.

कपाटातून येतो तो बहुधा फॉर्मल्डिहाइड, प्लायवूडच्या गोंदातून सुटणारा वायू. उकळबिंदू उणे १९ अंश, त्यामुळे साध्या कार्बनवर तो नीट टिकतच नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले अ‍ॅल्युमिनाचे जांभळे दाणे मिळतात. एखादा दाणा फोडून बघायचा: आतपर्यंत तपकिरी झाला असेल तर बदला.

आकाराचं गणित: १२०० घनफूट म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायची तर १७० घनमीटर लागतात. खोक्यावरचा सीएडीआर (मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा) मात्र फुल स्पीडचा, आणि तोही बहुधा धुळीचा. झोपताना मधला स्पीड ठेवणार असाल तर ३०० च्या आसपासचं मशीन बघा. काही कंपन्या फॉर्मल्डिहाइडचा सीएडीआर वेगळा छापतात, मिळाला तर तो धरा.

सुतारपक्षी
मशीन नंतर, आधी कपाट! सुतार दर्शनी भागाला सनमायका लावतात. मागची बाजू, फळ्यांच्या कडा आणि बिजागरीची भोकं उघडीच राहतात. वायू तिथूनच येतो, उकाडा आणि दमट हवेत जास्तच. कडांना एज बँड, मागे लॅमिनेट किंवा सीलरचे दोन हात द्या. सीलर पाण्यात मिसळणारा घ्या, नाहीतर थिनरचा वास वेगळा. बाहेर वास नसेल तेव्हा दारं-ड्रॉवर उघडे टाकून पंखा लावा.

खाडीवारा
कपाटाचं करून घेतो. पण दोन किलो कार्बनवालं मशीन २० हजारांत दिसत नाही. आणि कार्बन उन्हात वाळवला तर परत चालतो का?

दाणेदार
नाही. उन्हाने फार तर थोडा ओलावा जातो. अडकलेले वायू काढायला भट्टीचं तापमान लागतं. पावसाळ्यात छिद्रांत बाष्प शिरतं, पकड कमी होते, म्हणून मशीन चालू असताना एसी ड्राय मोडवर ठेवा. मशीनमधूनच आंबूस वास यायला लागला तर कार्बन भरला, मग तासांचा काउंटर काहीही सांगो.

स्वस्तात हवं असेल तर ग्रो-टेंटसाठी (घरात झाडं वाढवायचा तंबू) मिळणारा कार्बन कॅनिस्टर आणि इनलाइन फॅन, म्हणजे पाइपात बसणारा पंखा. बाथरूमचा एक्झॉस्ट जोडू नका, दाण्यांच्या थरातून हवा ओढायचा दाब त्याच्यात नसतो. पहिला अर्धा तास बाल्कनीत चालवा, काळी पूड उडते. दिसायला ओबडधोबड, पण काम करतो.

ओझोननको
दोन गोष्टी राहिल्या. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा. त्यातून ओझोन सुटला आणि लिंबाच्या वासाच्या फरशी क्लीनरशी भिडला, तर घरातच नवा फॉर्मल्डिहाइड तयार होतो. दुसरं, मशीनवरच्या टीव्हीओसीच्या (हवेतल्या एकूण सेंद्रिय वाफांच्या) दिव्यावर जाऊ नका. सॅनिटायझर आणि अगरबत्तीलाही तो लाल होतो. स्लायडिंग खिडकीच्या फटींना ब्रश पट्टी मारा. रात्रीचा वास आधी तिथूनच शिरतो.