स्पीकरच्या पेटीला आतून फोम चिकटवणं म्हणजे निव्वळ सोपस्कार

पेटीवाला:
घरी स्पीकर बांधणाऱ्यांत एक रिवाजच पडलाय. पेटी झाली की आतल्या भिंतींना इंचभर जाडीचा खळग्याखळग्यांचा फोम चिकटवायचा, आणि 'डॅम्पिंग (आतला घुमारा शोषून घेणं) झालं' म्हणून मागची फळी ठोकून मोकळं व्हायचं. माझं म्हणणं, ज्या घुमण्याचा आपल्याला खरा त्रास होतो, त्याचं हा फोम काहीही वाकडं करत नाही.

हिशेब बघा. आतली उंची 60 सेंमी धरा, ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. तळ आणि छत यांच्यात पहिली स्टँडिंग वेव्ह, म्हणजे दोन भिंतींत आपटून जागच्या जागी घुमणारी लहर, बसते 286 हर्ट्झला; तिची अर्धी तरंगलांबी म्हणजे हीच 60 सेंमी. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा तार षड्ज 277 हर्ट्झ, म्हणजे अगदी शेजारीच. वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, शंकूचा कागद पातळ असतो, आतला घुमारा त्यातून सरळ बाहेर येतो आणि बुवा तार सा ला पोचले की पेटीच गायला लागते.

आता फोम कुठे आहे? भिंतीला चिकटून. तिथे हवा जवळजवळ हलतच नाही, फक्त दाब वरखाली होतो. फोम असो की लोकर, काम करते ती हलती हवा धाग्यांत अडकवून, घासून. हवा सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे इथे 30 सेंमीवर, पेटीच्या मधोमध. इंचभर फोम उपयोगी पडतो तो दीड-दोन हजार हर्ट्झच्या वर.

तेव्हा माल पेटीच्या पोटात भरा. गादीवाल्याकडे उशांसाठी पॉलिस्टरचा कापूस मिळतो, तो नीट पिंजून 40 लिटरला 400 ग्रॅम. एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये एआर-1 हा स्पीकर काढला, त्या बंद पेटीतही काचेची लोकर भरलेलीच होती.

टपकीर_गल्ली:
बंद पेटीपुरतं सगळं मान्य. पण इथे बंद पेटी बांधतंय कोण? दहातले नऊ जण पोर्टचा पाइप लावतात, म्हणजे बास वाढवायला पेटीला भोक पाडून नळी बसवतात, कारण साडेसहा इंची वूफरमधून त्यांना ढोल ऐकायचा असतो. त्या पेटीत 400 ग्रॅम कोंबलात की पोर्टचा जीव गेला. इम्पीडन्सच्या (स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याच्या) आलेखात पोर्टवाल्या पेटीची दोन शिखरं दिसतात. भरणा वाढवत गेलं की ती बसत जातात, आणि बासही बसतो. लोक भिंतींवर थांबतात त्याला कारण आहे.

सुतारकी:
दोघंही हवेतच बोलताय! आधी पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करा. 12 मिमी प्लाय, आत आडवी पट्टी नाही, बाजूची फळी डफासारखी वाजते. 19 मिमी घ्या, मध्ये ब्रेस टाका, मग लोकरीचं बघू.

पेटीवाला:
@सुतारकी, ब्रेस हवाच, कोण नाही म्हणतंय? पण फळीचं थरथरणं वेगळं आणि आतल्या हवेचं घुमणं वेगळं. काँक्रीटची पेटी केलीत तरी 286 तिथेच राहणार. उलट भिंत जितकी टणक, तितका आवाज जोरात परत येणार.

@टपकीर_गल्ली, पोर्टवाल्या पेटीत तर हा त्रास दुप्पट. तीच लहर पाइपातूनही बाहेर येते.

शंकासुर:
भिंती तिरक्या केल्या तर? समांतरच नकोत, भांडण मिटलं.

पेटीवाला:
नाही मिटत. अनुनाद जरा सरकतात, पसरतात, जात नाहीत. सुताराची मजुरी तेवढी वाढते.

टपकीर_गल्ली:
त्यापेक्षा फुकटातला उपाय सांगतो. वूफर उंचीच्या बरोबर मध्यावर बसवा. पहिल्या लहरीचा दाब तिथे शून्य असतो, त्यामुळे ती जवळजवळ उठतच नाही. पाइपही मागच्या फळीवर त्याच उंचीला लावा, म्हणजे जी काही उरेल तीही बाहेर येणार नाही. लोकर न भरता काम झालं.

पेटीवाला:
पहिल्या लहरीचं झालं. दुसरी 572 ला, तिचा दाब मध्यावर सगळ्यात जास्त. तिला काय सांगणार?

टपकीर_गल्ली:
तिची पाव तरंगलांबी 15 सेंमीच. तळाला आणि छताला चार-चार इंच रॉकवूल (दगडी लोकर) द्या, बरीचशी आवरते. पाइपाचं तोंड मोकळं राहतं. इंचभर फोम बिनकामाचा हे मान्य, पण त्यावर उत्तर जाड थर हे आहे. पोट भरणं नव्हे.

कोकणी_कान:
मालाबद्दल एक. साधा सरकीचा कापूस भरू नका. आमच्याकडे पावसाळ्यात तो ओल धरतो, खाली बसतो आणि वरची अर्धी पेटी रिकामी होते. काचेची लोकर किंवा रॉकवूल घ्याल तर हातमोजे आणि मास्क घाला, वर पातळ कापड ताणून स्टेपल करा. नाहीतर तंतू पाइपातून खोलीत येतात. आणि अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांनो, पुठ्ठ्याने काही होत नाही हो.

पेटीवाला:
जाड थरावर मी निम्मा राजी. मात्र उंच टॉवर पेटीत मध्यावर जाळी ठोकून तिच्यावर एक सैल थर ठेवायचाच, हे माझं कायम. कोंबायचा नाही, हवा आरपार जायला हवी. 100 ओहमचा रेझिस्टर आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड एवढ्यावर इम्पीडन्स मोजता येतो. त्या आलेखातली 286 जवळची बारीक सुरकुती जाईपर्यंत थोडा-थोडा माल वाढवायचा. पोर्टची शिखरं बसायला लागली की हात आखडता घ्यायचा.

टपकीर_गल्ली:
मोजून करणार असाल तर माझा विरोध संपला. '400 ग्रॅम' वाचून लोक डोळे झाकून भरतात, त्याला आहे. तो आकडा बंद पेटीचा आहे असं वर मोठ्या अक्षरात लिहा.