आठवी ते बारावीच्या पोरांसाठी चर्चच्या मंडळीच्या पैशातून काही सुरू करायचंय, कोल्हापुरात कुणी केलंय का?

शाहूपुरीकर_०९
जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या मंडळीत संडे स्कूलला लहान पोरं चांगली येतात, मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) असली की हॉल पुरत नाही, पण आठवी-नववीत गेली की पोरं दिसायची बंद होतात. दहावीला तर रविवारी सकाळीच क्लासच्या टेस्ट, त्यामुळं आईवडील उपासनेला आणि पोरगं क्लासला. पुढं अकरावी-बारावी, मग पुणं, मग एकदम लग्न ठरलं की चर्चमध्ये येतं. तरुण संघ आहे, पण त्यात सगळी पंचविशी-तिशीची नोकरीवाली मंडळी, चौदा वर्षांच्या पोरानं तिथं बसून करायचं काय?

अमेरिकेत यंग लाइफ म्हणून काम आहे, टेक्सासमध्ये जिम रेबर्न नावाच्या माणसानं १९४१ मध्ये त्याची रीतसर संस्था केली. त्याच्या पाळकांनी त्याला सांगितलेलं की जी पोरं चर्चला येतात त्यांच्यासाठी माणसं आहेत, तू हायस्कूलमधल्या बाकीच्यांकडं जा. तो शाळा सुटल्यावर पोरांच्यात जाऊन मिसळायचा आणि आठवड्याला त्यांच्याच घरी जमायचं असं ठरवलं तेव्हा गर्दी वाढली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली, प्रत्येक गावात तिथल्याच मोठ्या माणसांची एक कमिटी असते, ती पैसे उभे करते, पोरांबरोबर राहणारी बहुतेक माणसं पगार न घेता काम करतात.

असं आपल्याकडं, आपल्या पैशानं, बाहेरच्या कुणाची वाट न बघता करता येईल का? आणि पोरांचे मित्र सगळ्या धर्मांचे असतात, ते आले तर काय करायचं? मनापासून सांगा.

संडेस्कूलवाली_काकू
बाळा, विषय काढलास बरं केलंस. मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते, पोरं कुठं गळतात ते डोळ्यानं बघते. पोरांचा देवावरचा विश्वास उडालेला नसतो रे, त्यांना त्या वयात ओळखणारं माणूस मंडळीत राहत नाही. सहावीपर्यंत टीचर नावानं हाक मारते, वाढदिवस लक्षात ठेवते, त्यानंतर एकदम कुणीच नाही, भेटलं की एकच प्रश्न, "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच.

आमच्या इथं एक पोरगी होती, नववीत. आईची शिफ्ट ड्युटी, घरी आजी. ती शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या लावायला यायची आणि खुर्च्या लावून झाल्या तरी जायची नाही. फडकं घेऊन तीच तीच खुर्ची पुसत बसायची. मी एक दिवस चहा ठेवला आणि शेजारी बसले, काही विचारलं नाही. पाऊण तासानं ती बोलायला लागली, घरचं, शाळेतलं, मोबाईलवर कुणी त्रास देत होतं ते. हे कुठल्या कार्यक्रमात बोलली असती? माइक, बॅनर, बाहेरगावचे वक्ते, यातलं काही लागत नाही. दर आठवड्याला त्याच वेळी तेच माणूस तिथं पाहिजे. एवढं जमणार असलं तरच हात घाल. दोन महिन्यांनी बंद पडलं तर पोरं परत विश्वास ठेवत नाहीत.

वेळ शनिवार संध्याकाळच घे, रविवारी क्लासवाल्यांशी भांडून काही होत नाही. आणि परीक्षा आली की बंद करू नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत हॉल अभ्यासाला उघडा ठेव, दोघी-तिघी शिक्षिका आपल्या मंडळीत आहेतच, गणित-सायन्सला बसतील. सुरुवातीला एक प्रार्थना, मधे चहा. तेवढं पुरे.

बिंदूचौक_हिशेब
पैशाचं मी बोलतो, माझं कामच ते आहे. घरटी महिना १०० रुपये, ५०-६० घरं धरली तरी ५-६ हजार होतात, त्यात शनिवारचा नाश्ता, खेळाचं सामान, एखाद्या पोराचं वह्या-पुस्तकांचं भागतं. कापणीच्या सणाला लिलाव होतोच, गुळाची ढेप, नारळ, कोंबडी, लोक बोली चढवत नेतात ती देण्यासाठीच, त्यातला एक भाग यासाठी असं पंचांकडून, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीकडून, आधी ठरवून घ्या आणि लिलावाच्या आधी सगळ्यांना सांगा. मग माणसं आणखी हात सैल सोडतात. मोठा एकच देणगीदार शोधू नका, तो रुसला की काम बसतं. शंभर रुपये देणारी आजी मात्र दर रविवारी विचारते, पोरं आलती का, किती आलती. ती विचारणारी माणसं पैशापेक्षा मोलाची.

आता कायद्याचं. चर्चचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला असणार, तर हे पैसे त्याच्याच हिशेबात वेगळ्या खात्यावर दाखवा, पावती द्या, कुणाच्या वैयक्तिक गुगल पे वर घेऊ नका. परदेशातनं कुणी देतो म्हटलं तर थांबा, एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी पैसा घेता येत नाही. आपला भारतीय नागरिक असलेला भाऊ दुबईतनं स्वतःच्या कमाईतले बँकेतनं पाठवत असला तर ते वेगळं, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे परदेशीच धरतात. अशा कामावर नजर असते, त्यामुळं कागद चोख पाहिजेत.

पालक_राजारामपुरी
मी ख्रिश्चन नाही, वाचत होतो म्हणून लिहितोय, राग मानू नका. माझी मुलगी नववीत आहे, तिची जवळची मैत्रीण तुमच्या समाजातली. नाताळात तिच्या घरी जाते, केक आणते, आमच्याकडनं दिवाळीला फराळ जातो. उद्या मुलगी म्हणाली की शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये गेम्स आहेत, तर मला आधी कुणीतरी मोठ्या माणसानं येऊन सांगितलेलं आवडेल, की तिथं खेळ असतो, आणि दहा-पंधरा मिनिटं बायबलमधलं बोललं जातं. हे मला तिच्याकडनं नंतर कळलं तर मी दुसऱ्या दिवसापासून बंद करीन, आणि अगोदर सांगितलं तर बहुतेक पाठवीन. लपवाछपवी वाटली की माणूस बिथरतो, आजकाल वातावरण बघताच आहात. तुमच्या धर्माचं तुम्ही बोलणार हे मला मान्य आहे, घटनेनं तो हक्क दिलाय. पण मुलगी अजून लहान आहे, तिच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय काही नको.

शाहूपुरीकर_०९
@पालक_राजारामपुरी दादा, राग कसला, हेच पाहिजे होतं मला. तुम्ही म्हणता तसंच करायचं, दुसऱ्या धर्माच्या पोराच्या घरी आधी जाऊन बोलायचं, काय असतं ते सगळं सांगायचं, आईवडिलांची सही घ्यायची, आणि कधीही हॉलमध्ये येऊन मागं बसा म्हणायचं. बाप्तिस्म्याचा विषय अशा पोरांच्या बाबतीत आम्ही काढणारच नाही. येशूबद्दल आम्ही बोलणार, कारण त्याच्याचमुळं हे करावंसं वाटतंय, ते लपवलं तर खोटं होईल. पण आलेलं पोर ख्रिस्ती होवो न होवो, त्याच्याशी मैत्री तेवढीच राहिली पाहिजे, नाहीतर ती मैत्री कसली.

@बिंदूचौक_हिशेब कागदाचं तुमच्याकडं येतो.

मिरज_नर्स
एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. पोरांबरोबर काम करणारी माणसं नीट पारखून घ्या. चांगल्या घरचा, चर्चला नेमानं येणारा, एवढ्यावर सोडू नका. पोलिस व्हेरिफिकेशन करा, बंद खोलीत एक मोठा आणि एक पोर असं कधीच नको, नेहमी दोन मोठी माणसं, मुलींसाठी बाईमाणूस असलंच पाहिजे, रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर वैयक्तिक मेसेज नकोत, जे काय ते ग्रुपवर. पन्हाळ्याला वगैरे नेलंत तर पालकांचं पत्र आणि औषधांची माहिती बरोबर.

आणि एखाद्या पोरानं लैंगिक त्रासाचं काही सांगितलं तर ते मंडळीच्या अब्रूसाठी आत मिटवायचं नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे, त्यात कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. पोरांना १०९८ हा चाइल्डलाइनचा मदतीचा नंबर भिंतीवर लावून ठेवा. मन जड झालेलं असेल, झोप नसेल, जीव नकोसा वाटतो असं कोण बोललं तर प्रार्थना कराच, पण डॉक्टरकडं पण न्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे. ड्युटीवर असे पेशंट बघते म्हणून कळकळीनं लिहितेय, उशीर झालेला बघवत नाही.

गोलकीपर_बावडा
भावा एवढं सगळं वाचलं, लई भारी चाललंय. पण पोरं आणायची कशी ते सांगतो. कोल्हापूर आहे हे, फुटबॉल ठेव. शाहू स्टेडियमला तालमींची मॅच असली की अख्ख्या पेठा लोटतात, आपली पोरं पण तिथंच असतात की. व्हॉलीबॉलचा खेळच वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतनं निघालाय, १८९५ ला, म्हणजे खेळ आणि हे काम काय एकमेकांना नवीन नाही. मी स्वतः सतराव्या वर्षी चर्च सोडल्यातच जमा होतो, एक दादा रोज ग्राउंडवर यायचा, खेळायचा आमच्यात, हरला तरी हसायचा, कधी उपदेश केला नाही. वडील गेले तेव्हा घरी सगळ्यात आधी तोच आला आणि रात्रभर थांबला. त्यानंतर मी त्याला विचारलं की तू असा का आहेस, तेव्हा त्यानं येशूचं सांगितलं. मी विचारल्यावर.

आणि एक, ज्यांच्या नावानं आपलं वाइल्डर मेमोरियल चर्च आहे ते अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, त्यांचा पोरगा रॉबर्ट इथंच १८६३ ला जन्मला. १८८६ ला अमेरिकेत परदेशी मिशनकार्यासाठी विद्यार्थ्यांची स्वयंसेवक चळवळ उभी राहिली त्यात तो पुढं होता, वय फक्त बावीस-तेवीस. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? त्यांना सांगा की.

संडेस्कूलवाली_काकू
मुलींसाठी मी येते. अजून दोघींना तयार करते, एकटीनं नको. नाश्त्याचं महिला मंडळाकडं बोलते, पोहे नकोत म्हणावं दर वेळी, पोरं मिसळ मागतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिला शनिवार धरा, मे मध्ये सगळी मामाच्या गावाला असतात.

शाहूपुरीकर_०९
ठरलं काकू. पाळकसाहेबांशी बोलून पंचांच्या मीटिंगला विषय घेतो, मिरजच्या ताईंनी लिहिलंय ते तसंच्या तसं कागदावर घालतो. गोलकीपर भावा, ग्राउंडचं तू बघ.

गोलकीपर_बावडा
बघतो. दोन बॉल आहेत माझ्याकडं, पंप पण आहे.