प्रतिसाद: नुसतं 'कळलं नाही' लिहून भागत नाही

वर एकांनी म्हटलंय की पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमधल्या (वापराच्या अधिकृत माहितीमधल्या) चुका कळवून उपयोग नाही, कोणी वाचत नाही. मला तसं वाटत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी चूक कळवायची सोय आहे आणि तिथलं लिखाण डॉक्युमेंटेशनच्या मेलिंग लिस्टवर जातं, म्हणजे अगदी चारचौघांत. पण 'हे पान समजत नाही' एवढ्यावर समोरचा तरी काय करणार?

नेमकं वाक्य उचलून द्या. 'बिटवीन'च घ्या, म्हणजे 'इथपासून इथपर्यंतच्या नोंदी दे' असं डेटाबेसला सांगणारा शब्द. दोन्ही टोकं धरली जातात हे तिथे लिहिलेलं आहेच. तरी टाइमस्टँपच्या (तारीख आणि वेळ दोन्ही असलेल्या) कॉलमवर ३१ मार्चपर्यंतच्या नोंदी मागितल्या की ३१ च्या दिवसभरातल्या गळतात, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे ००:०० वाजले. नवख्याला हे कुठून सुचणार! अशा वेळी दोन ओळींची चालणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली मागणी), काय अपेक्षित होतं, काय आलं, आणि कुठे कोणतं वाक्य घालावं, इतकं द्या. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.

त्याआधी पान पोस्टग्रेसच्या कोणत्या आवृत्तीचं आहे ते बघा. गुगल कधीकधी ९.६ सारख्या जुन्या पानावर नेऊन सोडतं. पानाच्या वरच्या दुव्यांवरून चालू आवृत्तीत जा, दुरुस्ती आधीच झालेली असू शकते. कळवायला खातं उघडावं लागतं, तेवढी कटकट आहे.