प्रतिसाद : समुद्राजवळ फ्लॅट घेण्याआधी

लातूरचं घर विकून रत्नागिरीत समुद्राजवळ फ्लॅट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा लातूरचाच, बदलीमुळं भाट्ये पुलाच्या अलीकडं तीन वर्षं राहिलो. बाजार, एसटी स्टँड रिक्षानं दहा मिनिटांत. संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर वारं खायचं. इथवर झकास.

पण खारी हवा लोखंड खाते. माझ्या सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल झाली, फ्रिजचा खालचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटला. खिडक्यांना ॲल्युमिनियमच बघा. गावाकडून नेलेलं ज्वारीचं पीठ श्रावणात ओलसर होऊन कडू पडायचं, भाकरी थापताना तुटायची. (बायकोनं समुद्रावर राग धरला तो तिथून.)

पाण्याची मात्र गंमतच. २०१६ साली आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, म्हणून वाटायचं कोकणात काय कमी! तर जांभ्या दगडात पाऊस थांबतच नाही, मे महिन्यात तिथल्याही कितीक गावांत टँकर फिरतो. सोसायटीची विहीर मे महिन्यातच जाऊन बघा. आणि भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियम घालणाऱ्या पट्ट्याची) परवानगी वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. लातूरचं घर तूर्त भाड्यानं द्या, विकू नका.