मदत हवी आहे: जुनी टाटा झेनॉन पिकअप विकून टोयोटा हायलक्स पिकअप घ्यावी का?

मंडळी, कोथरूडला राहतो, शेत वेल्ह्याला. शेवटचा दीड किलोमीटर नुसते दगड. जुनी झेनॉन आता थकलीय. पर्याय दोन: वापरलेली 2016 ची इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप किंवा हायलक्स. लांबी अनुक्रमे 5295 आणि 5325 मिमी, म्हणजे हायलक्स जवळपास साडेसतरा फूट! सोसायटीचं पार्किंग सतरा फुटांचं, त्यात मागे खांब. शेजारचे काका आत्ताच टेप घेऊन फिरतायत.

खरी अडचण ग्राउंड क्लिअरन्सची, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतल्या अंतराची. कागदावरचा आकडा ठीक, पण माझ्या गाडीचा मागचा डिफरन्शियलचा गोळाच (मागच्या दोन चाकांमधल्या दांड्यावरचा, चाकांना फिरवणारे गिअर असलेला) दगडाला घासतो. तो चाकांच्या दांड्यावरच असल्याने सस्पेन्शन उचलून वर येत नाही, मोठे टायरच लागतात ना? ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी कृपया खताची पोती भरून गोळ्याखाली टेप लावून सांगा. सोबत टायरचा साइजही लिहा.